नाटक करूनच मुलांकडून कामं करून घ्यायची का?

रानजाई
मुलगी साडेतीन वर्षांची. साडेआठला बालवाडीची व्हॅन येते. तोवर दात, आंघोळ, वेण्या, दूध, डबा. सरळ सांगून यातलं काहीही होत नाही, त्यामुळे सध्या आमच्याकडे सगळं खोटं-खोटं चालतं. न्हाणीघर म्हणजे डेपो, ती लाल एसटी, मी गाडी धुणारी. "मागचं चाक वर करा" म्हटलं की पाय वर येतो. "टपावर पाणी सोडतेय, काचा लावा!" म्हटलं की डोळे गच्च मिटतात आणि डोक्यावरून तांब्या ओतता येतो. बूट म्हणजे टायर. डबल बेल दिली की गाडी दाराबाहेर.

सासूबाई म्हणतात, अशाने पोरीला साधं सांगितलेलं ऐकायची सवयच लागणार नाही. नवरा कुंपणावर. मला विचाराल तर पाच मिनिटांचं नाटक अर्ध्या तासाच्या रडारडीपेक्षा कधीही परवडतं. तुमच्याकडे काय चालतं?

खडूस
सासूबाईंना +१. आज एसटी, उद्या विमान, परवा तुम्हाला ताप आला की काय? काही कामं कंटाळवाणीच असतात आणि तरी करायची असतात, हे मुलाला कळायला नको? माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. तिथे खेळणीही होती, पण मुलं वळली ती खऱ्या कामांकडे. लहान हातात मावेल असा झाडू द्या, तांब्या द्या, पोर स्वतः अंगावर पाणी घेईल. डेपो कशाला?

दोन पोरांचा बाप
खडूस, तुम्हाला घरात लहान मूल नसावं असा दाट संशय आहे :) 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात २०१७ साली एक प्रयोग छापून आला होता. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं आणि शेजारी टॅबवर गेम ठेवला. हवं तेव्हा उठून खेळायची मुभा. सगळ्यात जास्त वेळ कोण टिकलं? ज्यांना "आता तू बॅटमॅन आहेस" असं काहीतरी सांगितलं होतं ती मुलं. म्हणजे नाटकाने मूल बिघडत नाही, उलट चिकाटी वाढते.

खडूस
त्या प्रयोगात नाटक मूल करत होतं. इथे सगळी मेहनत आई करतेय. आणि बॅटमॅन दहा मिनिटांचा होता, एसटी रोजची आहे.

रानजाई
नाही हो, एसटीचा मालकी हक्क तिच्याकडेच आहे. काल जिन्यातच "गाडी फेल झाली" म्हणून बसली. खाली व्हॅनवाले काका हॉर्न मारतायत आणि आमच्याकडे मेकॅनिकची वाट बघणं चाललंय.

खडूस
यापेक्षा चांगला पुरावा मलाही देता आला नसता.

जुनी बालवाडीवाली
माँटेसरीचा विषय निघालाच आहे म्हणून. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं ते माँटेसरीच्याच वाटेने, पण गोष्टी आणि नाटक त्यांनी सोडलं नाही. ताराबाई मोडक त्यांच्याच सोबत काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला गेल्या. आपल्याकडे या दोन गोष्टींचं कधी भांडण नव्हतं. आपण सगळे हा घास चिऊचा, हा घास काऊचा करतच जेवलोय.

मला चिंता वेगळी आहे. आपण एसटी नाही हे त्या पोरीला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो खेळ. पण "झोप, नाहीतर बागुलबुवा नेईल" किंवा "सुई नाही, मुंगी चावते" हा खेळ नव्हे, ती थाप. एकदा टोचलं की पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीपासून भोकाड. आणि कृपा करून औषधाला चॉकलेट म्हणू नका. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या लाल, गुळगुळीत, अगदी जेम्ससारख्या दिसतात. चार-पाच वर्षांच्या पोराने त्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. औषध हे औषधच, कडू आहे तर कडू म्हणा.

अंजीर
ताईंचा प्रतिसाद आवडला, पण माझा मुद्दा राहिलाच. मला नाटक जमत नाही. सात वाजता लोकलमधून उतरून घरी गेल्यावर वाघाचा आवाज काढायची ताकदही नसते आणि खरं तर लाजही वाटते. आमच्याकडे नियम एकच, बूट घातल्याशिवाय दार उघडत नाही. सुरुवातीला रडला, मग घालायला लागला. हल्ली नाटक न करणारी आई म्हणजे रुक्ष, असा जो सूर लागतो तो डोक्यात जातो.
आणि रानजाई, कुंपणावरचे गृहस्थ आंघोळ घालतात का कधी?

रानजाई
रविवारी. नुसतं "डोळे मीट" म्हणतात आणि ती मिटते. सासूबाईंना यातलं काही कळता कामा नये.

दोन पोरांचा बाप
रविवारी व्हॅन नसते. घाई नसली की सगळीच मुलं शहाणी. पण दातांचं काय, खडूस? रात्री झोपेने पेंगुळलेल्या पोराचं तोंड तुमच्या नियमाने उघडून दाखवा. आमच्याकडे मगरीचे दात मोजतो, मागच्या दाढांपर्यंत ब्रश जातो.

खडूस
दातांपुरतं मान्य. तिथे मूल तोंड मिटून बसलं तर तुमच्या हातात काही नाही. बुटांना मात्र मान्य नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला चिकटपट्टीचे बूट स्वतः घालता येतात, टायर बसवायला माणूस कशाला हवा?

रानजाई
डावा उजव्यात घालते.

खडूस
घालू द्या. व्हॅनपर्यंतच जायचंय.