शब्दचर्चा : काउबॉयला 'गुराखी' म्हणावं का?

पाटीपेन्सिल : अमेरिकेच्या पश्चिम भागावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'काउबॉय'ला गुराखी लिहिलं, तर संपादकबाईंनी लाल खूण केली, "काठी-घोंगडीवाला डोळ्यासमोर येतो." पुढे वाकेरो आणि बकरूही आहेत. तिघांना एकच शब्द चालेल का?

कोरडवाहू : बाईंचं बरोबर आहे. गुराखी गावची गुरं सकाळी रानात नेतो, दिवेलागणीला परत आणतो. १८६७ पासून टेक्सासची गुरं कॅन्ससमधल्या ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकत नेत, त्यात महिनेच्या महिने जात. आपल्याकडे 'हेडी' त्यातल्या त्यात जवळचा, पण हेडी स्वतः व्यापारी आणि काउबॉय बहुतेक पगारी गडी. काउबॉयच ठेवा.

उंबरठा : वाकेरो मात्र वेगळा ठेवाच. स्पॅनिशमध्ये 'वाका' म्हणजे गाय, त्यावरून वाकेरो. इंग्रजी बोलणारे टेक्सासात पोचले त्याच्या कितीतरी आधीपासून हे मेक्सिकन लोक घोड्यावरून गुरं वळवत होते, त्यात स्थानिक आदिवासी होते, मिश्र रक्ताचेही होते. नव्यांनी धंदा त्यांच्याकडून उचलला आणि धंद्याची भाषाही. रँच, म्हणजे गुरं पाळायचा मोठा मळा, तो 'रांचो'. मस्टँग हा तिकडचा रानटी घोडा, तो 'मेस्तेन्यो'वरून, म्हणजे बेवारशी जनावर. लॅरिअटची तर गंमतच आहे : मूळ 'ला रेआता', म्हणजे दोरी. त्यातला 'ला' हे नुसतं उपपद, ते दोरीला चिकटून आलं आणि सुटलंच नाही. बकरू हा इंग्रजी तोंडात घोळलेला वाकेरोच, तेव्हा तुमच्या तिघांतले दोघे मुळात एकच.

अवांतर : तिकडे तुरुंगाला 'हूसगाउ' म्हणत, तो स्पॅनिश 'हुसगादो'वरून. आपला 'तुरुंग'ही पोर्तुगीज 'त्रोंको'चा. कोठडीचं नाव परक्याकडूनच घ्यावं असं दिसतंय :)

ठिपका : काळ्या माणसाला कितीही वय झालं तरी 'बॉय' म्हणत, त्यावरून काउबॉय आला असं वाचलंय. खरं का?

कोरडवाहू : व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजीत हा शब्द गुरं राखणाऱ्या पोरासाठी सापडतो. म्हणजे तेव्हा तो खरोखर गुराखी होता, पाटीपेन्सिलताई! पण व्युत्पत्ती खोटी म्हणून माणसं खोटी होत नाहीत. गुरं हाकणाऱ्या चौघांत एक काळा असावा, असा बऱ्याच इतिहासकारांचा अंदाज आहे. नॅट लव्ह गुलामीत जन्मला, काउबॉय झाला, १९०७ मध्ये त्याने आत्मचरित्र छापलं. बिल पिकेटने 'बुलडॉगिंग' गाजवलं : धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घ्यायची आणि शिंगं पिरगाळून त्याला लोळवायचं. रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धेत, हा प्रकार आजही चालतो. पडद्यावर मात्र वर्षानुवर्षं गोरा माणूस आणि त्याची टोपी, एवढंच.

उंबरठा : आणि हवाई राहिलंच! तिथे रानटी झालेली गुरं आवरायला १८३०च्या दशकात, तेव्हा मेक्सिकोत असलेल्या कॅलिफोर्नियातून वाकेरो नेले होते. ते 'एस्पान्योल', म्हणजे स्पॅनिश, बोलणारे, म्हणून हवाईयन लोक त्यांना 'पानिओलो' म्हणू लागले. पुढे तिथला स्थानिक गुरंवालाही पानिओलोच झाला. ॲबिलीनच्या वाऱ्या तीसेक वर्षांनी सुरू झाल्या.

ठिपका : म्हणजे हवाईचे काउबॉय टेक्सासवाल्यांना सीनियर. हे माहीत नव्हतं.

पाटीपेन्सिल : मग ठरलं. काउबॉय आणि वाकेरो तसेच, बकरू पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे वाकेरोच' असं जोडते. एकच उरलं : 'चॅप्स'ला मी 'चामडी विजार' केलंय.

कोरडवाहू : विजार नको. ते मागून उघडं असतं आणि विजारीवरून चढवतात, काटेरी झुडपांत पाय सोलवटू नयेत म्हणून. 'मांड्यांवर बांधायचं चामडं' असं सरळ लिहा. तोही शब्द स्पॅनिशच बरं का, 'चापारेरास'.