कोबी : तीन औषधं बदलली तरी अळी मरत नाही, डोस दुप्पट करू का?

शिवारकर
एक एकर कोबी, पुनर्लागणीला महिना झाला. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी झाडाला सहा-सात. आधी फ्लुबेंडामाइड मारलं, आठवड्याने क्लोरअँट्रानिलिप्रोल, आणि परवा क्लोरअँट्रानिलिप्रोल + लॅम्डा सायहॅलोथ्रिन असं मिश्र औषध. तिन्ही वेगळ्या कंपन्यांची. आता काय?

बांधावरून
दादा, डबे बदलले, औषध एकच राहिलं. औषध किडीवर कसं काम करतं त्यावरून त्याला गट क्रमांक असतो; फ्लुबेंडामाइड आणि क्लोरअँट्रानिलिप्रोल दोन्ही गट 28 चे. अळीच्या स्नायूत एकाच जागी काम करतात. ती जागाच बदललेली अळी पहिल्यातून वाचली की दुसऱ्यातूनही वाचते. मिश्र औषधातला लॅम्डा गट 3 चा, म्हणजे पायरेथ्रॉइड, पण पायरेथ्रॉइडना ही कीड कधीचीच सरावलीय. वर त्याने अळीवरच्या परजीवी गांधीलमाश्या मरतात, तो तोटा वेगळा. ही कीड डीडीटीला 1953 मध्येच जावा बेटावर पुरून उरली होती, डोस वाढवून ती ऐकणार नाही.

आता गट 28 पूर्ण बंद. इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी (गट 6) एकरी 60 ते 80 ग्रॅम, 200 लिटर पाण्यात. पुढच्या पिढीला स्पिनोसॅड (गट 5) किंवा इंडोक्झाकार्ब (गट 22).

पानाखाली
गट बदलाच, पण फवारा पोचला होता का तेही बघा. अळी पानाच्या खालून खरवडते, वरचा पापुद्रा तसाच राहतो. वरून मारलेलं पाणी कोबीच्या मेणचट पानावरून मोत्यासारखं घरंगळतं. स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारा) हवाच, नोझल खालून वर.

दोष औषधाचा की फवाऱ्याचा याची खात्री करायची तर: न फवारलेली पानं घ्या. काही लेबलच्या डोसच्या द्रावणात (स्टिकरसह) दहा सेकंद बुडवा, काही नुसत्या स्टिकरच्या पाण्यात. सावलीत वाळवून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, झाकणाला बारीक भोकं. प्रत्येकी दहा मध्यम अळ्या सोडा, 72 तासांनी मोजा. ब्रशने डिवचल्यावर जी हलत नाही ती मेली. पाण्याच्या डब्यातच दोनपेक्षा जास्त मेल्या तर चाचणी बाद. औषधाच्या डब्यात निम्म्या जिवंत असतील तर दोष फवाऱ्याचा नाही. हातमोजे घाला आणि ते डबे घरात परत नेऊ नका.

शिवारकर
पण मग रोटेशन, म्हणजे गटांची अदलाबदल, दर फवारणीला करायची का? दुकानदार तसंच सांगतो.

बांधावरून
फवारणीला नाही, पिढीला. उन्हाळ्यात अंडं ते पतंग साधारण 15 ते 20 दिवस. तेवढ्यात गरज पडली तर तोच गट पुन्हा चालेल, पुढच्या पिढीला मात्र नको. दर आठवड्याला गट बदलला तर एकाच पिढीला सगळे गट चाखायला मिळतात. रोपांना सायअँट्रानिलिप्रोलची आळवणी केली असेल तर तीही गट 28 मध्ये मोजा.

पानाखाली
पुढच्या लागणीला कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी: पहिली लागणीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतात, तिथेच फवारा. आणि गड्डे काढले की खुंट त्याच आठवड्यात उपटून गाडा. फुटव्यांवर अळी जगते आणि शेजारच्या कोवळ्या प्लॉटवर जाते, तिथलेही फ्लुबेंडामाइडच मारत असतील तर तुमच्या रोटेशनला अर्थ राहत नाही. त्यांच्याशी आधी बोला.