मदत हवी आहे : ताण वाढला की फिम-एचची पकड घट्ट का होते?

नमस्कार. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मूत्रमार्गाच्या संसर्गावर टिपण तयार करताना एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ई. कोलाय या जिवाणूच्या टाइप-१ पिलायच्या (पृष्ठभागावरील केसांसारख्या तंतूंच्या; एकवचन पिलस) टोकाशी फिम-एच हे चिकटण्याचे प्रथिन असते आणि मूत्राशयाच्या अस्तरावरील युरोप्लाकिन-१ए या प्रथिनाला जोडलेल्या शर्करासाखळीतील मॅनोज ही शर्करा फिम-एचच्या खाचेत बसते, इथवर सारे सरळ आहे. मात्र लघवीच्या प्रवाहाने जिवाणू ओढला गेला की ही पकड सैल होण्याऐवजी फासासारखी आवळते. ओढल्यावर अशा घट्ट होणाऱ्या बंधाला कॅच बाँड म्हणतात आणि फिम-एचच्या बाबतीत तो 2002 साली दाखवला गेला. या जिवाणूंत गिनीपिगच्या तांबड्या रक्तपेशी मिसळून केलेल्या प्रयोगात हेच डोळ्यांनी दिसते: मिश्रण हलते ठेवले की गुठळ्या धरतात, स्थिर ठेवले की त्या सुटू लागतात. (स्लाइड टेबलावर ठेवून निवांतपणे निष्कर्ष नोंदवण्याची सवय मोडायला एवढे कारण पुरेसे आहे, असे माझे मत आहे.)

कारण म्हणून दिले जाते ते असे. फिम-एचचे दोन भाग आहेत. पिलसकडचा भाग मॅनोज धरणाऱ्या भागाला टेकलेला असतो तोवर खाच सैल राहते, आणि ताणामुळे ते दोन भाग विलग झाले की खाच मॅनोजभोवती मिटते.

माझी अडचण इथे सुरू होते. द्रावणात मोकळे फिरणारे मॅनोज कशालाच बांधलेले नसल्यामुळे ते फिम-एचला ओढू शकत नाही; मग ते वरील मिश्रणात मिसळल्यावर गुठळ्या धरत नाहीत, हे केवळ त्याच्या जास्त प्रमाणामुळे खाचा आधीच भरल्याने घडते, की मॅनोज बसल्यानेही ते दोन भाग काही अंशी विलग होतात? शिवाय लघवीतील युरोमोड्युलिन या प्रथिनावरही तशाच मॅनोजच्या साखळ्या असतात, म्हणजे ते जिवाणूसाठी आमिष ठरते. ताण नसताना खाच सैल राहिल्यामुळे जिवाणू या आमिषातून सुटतो, असा माझा अंदाज आहे. पण युरोमोड्युलिनचे लांब तंतू बनतात आणि एकाच तंतूला अनेक पिलाय चिकटल्यास त्यांच्यावरही ताण येणारच. अशा वेळी हा अंदाज कितपत टिकतो?

पी-पिलाय या दुसऱ्या प्रकारच्या पिलायचा रिसेप्टर (ज्याला ते चिकटतात तो पेशीवरील रेणू) वेगळा असल्याने उत्तर टाइप-१ पुरतेच द्यावे, ही विनंती.