‘ओमेगा फॅक्टर’ राहिला की!

‘अ‍ॅनिमेवरचे हँडहेल्ड गेम म्हणजे नावावर खपवलेला माल’ हे, अ‍ॅनिमेवरच्या (जपानी कार्टूनवरच्या) हातात धरून खेळायच्या गेमच्या एका यादीसोबतचं मत बऱ्याच कार्ट्रिजना (गेमच्या डब्यांना) लागू पडतं, नाही म्हणत नाही. पण निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय: ओमेगा फॅक्टर’ (२००३) खेळून बघा. ट्रेझर आणि हिटमेकर या गेम कंपन्यांनी मिळून केलेला. अवघ्या २४० बाय १६० पिक्सेलच्या पडद्यावर एवढी मारामारी की कधीकधी बिचारा गेम बॉयच दमतो, गेम चक्क हळू चालायला लागतो! खरी गंमत मात्र वेगळीच आहे. अ‍ॅस्ट्रो बॉयचे निर्माते ओसामु तेझुका यांच्या इतर मांगांमधली (जपानी चित्रकथांमधली) पात्रं वाटेत भेटतात आणि प्रत्येक ओळखीमागे अ‍ॅस्ट्रोची एखादी शक्ती वाढवता येते. म्हणजे मारामारीइतकंच माणसं जोडण्याला महत्त्व. आणि गोष्ट संपली असं वाटतं तिथे ती संपलेली नसते; पुढचं सांगत नाही.

निन्टेन्डोचंच पुढचं यंत्र डीएस असेल तर ‘जंप अल्टिमेट स्टार्स’ (२००६) शोधा, ‘जंप’ या जपानी मांगा साप्ताहिकातल्या पात्रांचा. जपानबाहेर आलाच नाही, पण डीएसच्या कार्ट्रिजना प्रदेशाचं कुलूप नसल्याने आपल्याकडच्या डीएसवरही चालतो. जपानी येत नसेल तर मेन्यूत चाचपडावं लागेल, तेवढं सोसा.

आणि हो, पोकेमॉन या यादीत कशाला? तिथे गेम आधी, १९९६ चा, अ‍ॅनिमे नंतर. फार तर अ‍ॅनिमेतल्यासारखा पिकाचू मागे-मागे फिरतो तो ‘पोकेमॉन यलो’ धरा.