मदत हवी आहे: टा १५२ एच आणि १४ एप्रिल १९४५ची झुंज

फोके-वुल्फ टा १५२ एच हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान अभियंते कुर्ट टँक यांनी अतिउंचीवर लढण्यासाठी घडवलं. पंखांचा विस्तार जवळपास साडेचौदा मीटर, हवाबंद कॉकपिट, विरळ हवेत इंजिनाला दम मिळावा म्हणून नायट्रस ऑक्साइड. आणि त्याची सर्वांत गाजलेली झुंज झाली ती जर्मनीतल्या लुडविग्सलुस्टजवळ, अगदी जमिनीलगत, न्यूझीलंडच्या ४८६ स्क्वाड्रनच्या टेम्पेस्ट या ब्रिटिश बनावटीच्या लढाऊ विमानांशी! टा १५२ उडवणाऱ्या विली रेश्के यांनी एक टेम्पेस्ट पाडलं, पण सहकारी झाटलर कोसळून गेले. ते गोळ्यांनी पडले की विमानावरचा ताबा सुटला? टँक यांनीच पुढे बंगळुरूत आपलं ‘मरुत’ हे लढाऊ विमान घडवलं, म्हणून त्यांच्या विमानांबद्दल मला विशेष आस्था आहे. दोन्ही बाजूंचे अहवाल कुणी वाचले असतील, तर कृपया सविस्तर लिहा.