ओला चिखल घासू नका
चिखल पडल्या पडल्या ओल्या फडक्याने पुसावा, असं बरेचजण सुचवतात. गालिच्यावर कृपया तसं करू नका. घासलं की माती धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. जाड थर चमच्याने अलगद उचला, पंखा लावून बाकीचं खडखडीत वाळू द्या, मग ब्रशने सुटं करून व्हॅक्यूम फिरवा. बहुतेक माती तिथेच निघते. उरलेला डाग गार साबणपाण्याने टिपून काढा. कोकणातली तांबडी माती मात्र फार चिवट. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, त्यावर ब्लीच चालत नाही, उलट गालिच्याचाच रंग उडतो. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं हवंच. लोकरीचा गालिचा तर मे महिन्यातच ऊन दाखवून, सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधलात तर बुरशी ठरलेली.