बाहेरून आलेल्या माणसांना आगीच्या वेळी इमारतीबाहेर कसे काढावे?

प्रश्न : डोंबिवली_पूर्व

नमस्कार. आमच्या व्यापारी इमारतीतील गाळेधारकांच्या सोसायटीचा मी सचिव आहे आणि एका नेमक्या अडचणीवर मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. इमारत तळमजला अधिक सहा मजल्यांची असून उंची सुमारे 21 मीटर आहे. खाली दुकाने, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर दहावी-बारावीचे क्लास, चौथ्यावर पॅथॉलॉजी लॅब व दंतवैद्य, पाचव्यावर फिजिओथेरपी केंद्र, तर सहाव्यावर सनदी लेखापालांची कार्यालये आहेत. रोज येथे काम करणारी माणसे फार तर नव्वद असतील. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मात्र बाहेरून आलेली माणसे त्यांच्या तिपटीहून अधिक असतात.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत वायर जळून धूर झाला आणि हूटर वाजला. वॉचमनने मुख्य स्विच बंद करून पावडरच्या सिलिंडरने ती वायर जागच्या जागी विझवली, कोणालाही इजा झाली नाही. पण त्या वीस मिनिटांत मी जे पाहिले ते अजून मनातून जात नाही. नेहमीची माणसे मागच्या जिन्याने खाली उतरली, कारण तो जिना आहे हे त्यांना ठाऊक होते. बाहेरून आलेली माणसे लिफ्टपुढे गर्दी करून उभी राहिली. पाचव्या मजल्यावर तर गुडघ्यांच्या उपचारासाठी आलेल्या एक आजी आणि त्यांचे यजमान शेवटपर्यंत बाकावर बसून होते. तो आवाज केंद्रातल्याच एखाद्या यंत्राचा असेल असे त्यांना वाटले आणि निघताना त्यांना कोणीही काही सांगितले नाही. गेटवरच्या रजिस्टरमध्ये सत्तरेक नावे होती, पण बाहेर गेल्याची वेळ जेमतेम दहा जणांपुढे लिहिलेली होती. त्या क्षणी अग्निशमन दल आले असते आणि वर कोण आहे असे त्यांनी विचारले असते, तर मला उत्तर देता आले नसते.

अशा माणसांसाठी इमारतीने काय करावे, ती जबाबदारी कोणाची, आणि ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांचे काय, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : बंब_आणि_शिडी

मी एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालो आहे. आपण प्रश्न वेळेवर विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी कायद्याचे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. ते आपण देत असाल असे गृहीत धरतो. मात्र पंप चालतो, नळाला दाब आहे, हूटर वाजतो एवढेच त्या प्रमाणपत्रातून कळते. पाचव्या मजल्यावरच्या आजींना उठवायचे कोणी, हे त्यात कुठेही लिहिलेले नसते आणि ते आपल्यालाच ठरवावे लागते.

माझ्या सेवेत मी हे वारंवार पाहिले आहे की घाबरलेला माणूस ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर जाऊ पाहतो. जो लिफ्टने वर आला त्याच्या लेखी त्या इमारतीला दुसरी वाट नसतेच. मुंबईत मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी आग लागली तेव्हा पाच जणांचा मृत्यू झाला, आणि कामानिमित्त बाहेरगावाहून तेथे आलेली माणसेही त्यांत होती. मंत्रालयात रोज किती माणसे अर्ज घेऊन येतात हे आपण जाणतोच. त्यांतल्या कितीजणांनी तेथला दुसरा जिना कधी पाहिला असेल?

आपल्या इमारतीत धूर तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून आला, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी आग लागली ती खाली, वाहनतळाजवळच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये; मृत्यू मात्र वर बाल्कनीत बसलेल्या प्रेक्षकांना गाठून गेला. एकूण 59 माणसे गेली, ती मुख्यतः धुराने गुदमरून. मीटरची खोली पुढच्या जिन्याच्या पायथ्याशी असेल, तर तो जिना आणि लिफ्टचा उभा बोगदा ही दोन्ही काही मिनिटांत धुराडी होतात. म्हणून विजेच्या तारा ज्या डक्टमधून वर जातात तो डक्ट प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आग न पकडणाऱ्या साहित्याने बंद करून घ्या, त्या खोलीला आग रोखणारा, आपोआप मिटणारा दरवाजा बसवा, आणि अशा प्रसंगी सर्वांना मागच्या जिन्यानेच उतरवायचे हे आजच ठरवून टाका.

लिफ्ट हूटर वाजताच आपोआप तळमजल्यावर येऊन दारे उघडी ठेवून थांबेल, अशी व्यवस्था लिफ्टच्या कंपनीकडून करून घ्यावी. वीज गेल्यावर लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकू शकते, किंवा जिथे आग आहे नेमक्या त्याच मजल्यावर दार उघडू शकते. सूचनाफलक लिफ्टच्या बटणाशेजारीच हवा, कारण बाहेरून आलेला माणूस तेवढा एकच कोपरा लक्ष देऊन पाहतो. त्यावर नियमांची जंत्री नको. ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नका, मागचा जिना डावीकडे’ एवढे मोठ्या मराठी आणि हिंदी अक्षरांत पुरे. अंधारात चमकणारे बाण भिंतीवर उंच लावून भागत नाही, ते जमिनीलगतही हवेत, कारण गरम धूर आधी छताशी साठतो आणि माणसाला वाकून किंवा रांगत जावे लागते तेव्हा त्याची नजर खाली असते.

फलक कितीही चांगला असला तरी त्यावर विसंबू नका. प्रत्येक गाळ्यात कामाच्या वेळेत कायम हजर असणारी एक व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत दुसरी, अशी नावे लिहून काढा. त्या व्यक्तीने निघताना आपल्या गाळ्यातील प्रतीक्षाकक्ष, प्रसाधनगृह आणि तपासणीची खोली स्वतः पाहायची, आलेल्या माणसांना पुढे घालायचे आणि शेवटी दार ओढून घ्यायचे, पण कुलूप लावायचे नाही. मुंबईत कमला मिल आवारात 29 डिसेंबर 2017 च्या रात्री लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील अनेकजण प्रसाधनगृहाकडे आसऱ्याला गेले होते. म्हणून ते दार उघडून पाहिल्याशिवाय मजला रिकामा झाला असे म्हणू नये.

जिन्यातच धूर भरला असेल तर जबरदस्तीने खाली जाऊ नये. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत परत जावे, दार लावून फटीत ओला कपडा कोंबावा, खिडकी गाठावी आणि 101 किंवा 112 वर मजला व बाजू सांगावी. परळच्या क्रिस्टल टॉवरला 22 ऑगस्ट 2018 रोजी आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओला कपडा नाकातोंडावर धरायला सांगून मदत पोहोचेपर्यंत धीर दिला होता. हे तिला शाळेत शिकवले होते. मोठ्यांना ते शिकवायला आपण का लाजतो, हे मला कळत नाही.

उत्तर : स्वागतकक्ष

मी एका रुग्णतपासणी केंद्रात स्वागतकक्ष सांभाळते. वरील उत्तराला दोन गोष्टी जोडते.

पहिली म्हणजे नेमके काय बोलायचे ते आधी पाठ असावे. ‘आग आग’ असे ओरडले की माणसे सैरावैरा होतात, आणि ‘कृपया इमारत रिकामी करावी’ असे म्हटले की ती आपली फाइल, पिशवी आणि बिलाचे उरलेले पैसे गोळा करत बसतात. आमच्याकडे एकच वाक्य ठरलेले आहे : ‘सामान राहू द्या, लिफ्ट बंद आहे, माझ्यामागे जिन्याने चला.’ हे बोलणाऱ्याच्या अंगात केशरी जाकीट असते. अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या मागे सहसा जात नाही, पण जाकीट दिसले की जातो.

दुसरी गोष्ट आपल्या क्लासची. मुले खाली उतरत असताना त्यांना न्यायला आलेले पालक त्याच जिन्याने वर धावतात, आणि मग जिन्यात कोंडी होते. सुरतमध्ये 24 मे 2019 रोजी कोचिंग क्लासच्या इमारतीला लागलेल्या आगीत 22 जीव गेले, तेव्हापासून पालकांची धास्ती अधिकच वाढली आहे आणि ती मी समजू शकते. म्हणून मुले कोठे जमतील ती जागा पालकांना प्रवेशाच्या दिवशीच लेखी कळवा. ती जागा इमारतीच्या दारात किंवा बंब उभा राहणार तेथे नसावी. रस्त्यापलीकडचे मैदान किंवा शाळेचे पटांगण मिळाले तर उत्तम. शिक्षकाने हजेरीपट घेऊनच खाली यायचे आणि तेथे नावे पुकारायची.

उत्तर : गाळा_क्रमांक_12

आमच्याही इमारतीत मागचा जिना आहे, पण दोन वेळा चोरी झाल्यामुळे तळमजल्यावरच्या त्याच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे असते. वॉचमन चोवीस तास असतो. एवढे पुरेसे नाही का?

उत्तर : बंब_आणि_शिडी

पुरेसे नाही. बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये 23 फेब्रुवारी 2010 रोजी नऊ माणसे गेली, आणि बाहेर पडण्याच्या वाटा बंद असल्याचा मुद्दा तेव्हा ठळकपणे पुढे आला होता. किल्ली ज्याच्याकडे आहे तोच माणूस त्या क्षणी लिफ्टपाशी किंवा पाण्याच्या पंपाजवळ धावलेला असतो. दाराला आतून आडवी दांडी बसवून घ्या. अंगाचा भार पडला की ती उघडते, बाहेरून मात्र किल्लीशिवाय उघडत नाही. तिला छोटी घंटा जोडली की चोराची काळजीही मिटते. आणि त्या जिन्यात खोकी, जुने फर्निचर, दुचाकी किंवा चपलांचे स्टँड ठेवलेले असतील तर हे वाचून झाल्याबरोबर बाहेर काढा.

उत्तर : चाकांची_खुर्ची

मी बारा वर्षांपासून चाकांच्या खुर्चीवर आहे आणि कामानिमित्त अनेक इमारतींत जातो. एका कार्यालयात सरावाच्या वेळी ‘तुम्ही इथेच थांबा’ असे सांगून सगळेजण खाली निघून गेले. मी थांबलो. कोणासाठी थांबायचे आणि कोण येणार, हे मात्र मला कोणीही सांगितले नाही.

माझी विनंती अशी की गेटवरच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा, आणि ‘जिना उतरायला मदत लागेल का?’ हा प्रश्न येणाऱ्या प्रत्येकाला विचारावा. फक्त माझ्यासारख्याला पाहून विचारू नये. गुडघेदुखी, दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण दुरून दिसत नाही. ज्याने होय म्हटले त्याच्या नावापुढे मजला आणि सोबत थांबणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव लिहावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार 24 मीटरपेक्षा उंच इमारतीत आसऱ्याची मोकळी जागा ठेवावी लागते. आपली इमारत 21 मीटरची आहे, म्हणजे तशी जागा बहुधा नसेल. मग आग रोखणाऱ्या दाराच्या आतला, मागच्या जिन्याचा रुंद टप्पा थांबण्यासाठी नक्की करावा, तेथे सोबतीला एक माणूस द्यावा, गर्दी ओसरल्यावर जिन्यावरून सरकवत नेता येणाऱ्या खुर्चीतून त्या व्यक्तीला खाली आणावे, आणि ती व्यक्ती वर आहे हे गेटवर ताबडतोब कळवावे. अशी एक खुर्ची सोसायटीने घ्यावी आणि ती चालवायला चार माणसांना शिकवावे.

आणखी एक सुचवतो. चालायला त्रास होणाऱ्यांचे केंद्र पाचव्या मजल्यावर का आहे? तळमजल्यावरच्या एखाद्या दुकानदाराशी गाळ्यांची अदलाबदल होऊ शकते का, हे खरोखर पाहा.

उत्तर : डोंबिवली_पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली. मागच्या जिन्याची आडवी दांडी, डक्टची कामे आणि उतरवण्याची खुर्ची या तीन खर्चांना मंजुरी मिळाली. रजिस्टरमध्ये नवा रकाना येत आहे, आणि ते हूटर वाजताच वॉचमनने सोबत घेऊन बाहेर पडायचे असे ठरले. बाहेर जाण्याची वेळ लिहून घेण्यासाठी संध्याकाळी दोन तास गेटवर आणखी एक माणूस लागेल. त्याचा पगार क्लासचालकांनी उचलायचे मान्य केले आहे. गाळ्यांच्या अदलाबदलीबाबत एका दुकानदारांनी विचार करायला पंधरा दिवस मागितले आहेत.

एक शंका राहिली आहे. मॉक ड्रिल रविवारी सकाळी घ्यावी असा बहुतेकांचा आग्रह आहे, म्हणजे कोणाच्या कामाचा खोळंबा होणार नाही.

उत्तर : बंब_आणि_शिडी

रविवारी सकाळी जिने रिकामे असतात, त्यामुळे त्या सरावातून आपल्याला काहीच कळणार नाही. संहितेत उंच इमारतींसाठी पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी सराव सांगितला आहे. त्यांतला पहिला तरी कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, क्लास आणि लॅब भरलेली असताना घ्या. आदल्या दिवशी गेटवर फलक लावा, लॅबमध्ये कोणाचे रक्त काढण्याचे काम चालू असेल तर ते पूर्ण होऊ द्या, आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला लेखी कळवून त्यांचा माणूस पाहायला बोलवा. पाचव्या मजल्यावरून शेवटचा माणूस मैदानात पोहोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा येथे कळवा. पुढचे त्यावरून ठरवता येईल.